पोलराइज्ड लेझर अणूच्या पातळ्या कशा सरकवतो, ते मोजायचं कसं आणि घालवायचं कसं

"सर, रेझोनन्स परत सरकायलाय." एप्रिलमधली दुपार, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, शेजारच्या गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट चालू, आणि आमच्या टेबलावर रुबिडियमची एक काचेची सेल, जिच्यातून ७९५ नॅनोमीटरचा लेझर जातोय. सकाळी नऊला रेझोनन्सची जी फ्रिक्वेन्सी, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणू ज्या फ्रिक्वेन्सीने डोलतात ती, सेट करून ठेवली ती दुपारी तीनला ४ हर्ट्झने वर गेलेली असायची आणि संध्याकाळी सात वाजता परत खाली यायची. पोरांनी आधी पॉवरलूमला धरलं, मग ट्रान्सफॉर्मरला, मग सेलच्या हीटरला. सगळं तपासून झालं आणि शेवटी कळलं की चुंबकीय क्षेत्र बदलतच नव्हतं, आमचा लेझरच अणूला एक खोटं चुंबकीय क्षेत्र दाखवत होता.

सोलापुरात फिजिक्स घेऊन एमएस्सी करणारी किंवा प्रोजेक्टला अणू, लेझर, मॅग्नेटोमीटर असलं काही घेणारी जी पोरंपोरी आहेत त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. पुस्तकात थिअरी असते, पण टेबलावर बसल्यावर हात कुठून घालायचा हे कुणी सांगत नाही. बेसिक क्वांटम झालंय, झीमन इफेक्ट माहिती आहे एवढं धरून चालतो.

आधी प्रकार काय आहे ते समजून घ्या

अणूवर प्रकाश पडला, पण त्याची फ्रिक्वेन्सी अणूच्या ट्रान्झिशनशी नेमकी जुळत नसली तर अणू तो शोषत नाही म्हणा, पण त्याचा काहीच परिणाम होत नाही असं नाही. प्रकाशाचं विद्युत क्षेत्र अणूला हलवतंच, आणि त्यामुळे अणूच्या ऊर्जा पातळ्या थोड्या सरकतात, याला लाइट शिफ्ट म्हणतात, एसी स्टार्क शिफ्ट पण म्हणतात. १९६१ साली पॅरिसमध्ये क्लोद कोहेन-तानूजी यांनी हे पाऱ्याच्या अणूवर मोजून दाखवलं, आल्फ्रेड कास्लर यांच्या लॅबमध्ये, आणि तेव्हा त्यांच्या हातात लेझर नव्हता, साधा पाऱ्याचा दिवा होता. मला हे दरवेळी वर्गात सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे साधनं कमी आहेत म्हणून प्रयोग होत नाही असं पोरांच्या डोक्यात बसलेलं असतं आणि इथे दिव्याच्या उजेडाने एवढीशी शिफ्ट पकडली होती.

या शिफ्टचे तीन भाग पडतात. स्केलर भाग एका हायपरफाइन पातळीतल्या (हिचा क्रमांक एफ) सगळ्या एम-पातळ्यांना, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात तिचे जे झीमन तुकडे पडतात त्यांना, सारखाच सरकवतो. व्हेक्टर भाग एमच्या प्रमाणात सरकवतो, म्हणजे प्लस एम एका बाजूला आणि मायनस एम दुसऱ्या बाजूला. टेन्सर भाग एमच्या वर्गावर चालतो. रुबिडियम, सीझियम असल्या अल्कली अणूंच्या ग्राउंड पातळीत टेन्सर भाग जवळजवळ नसतोच, डिट्यूनिंग (लेझरची फ्रिक्वेन्सी ट्रान्झिशनपासून किती लांब आहे ते) वरच्या पातळीच्या हायपरफाइन अंतरापेक्षा बरंच जास्त असेल तर, म्हणून तो इथे सोडून देतो.

खरी गंमत व्हेक्टर भागात आहे. एमच्या प्रमाणात पातळी सरकणं म्हणजे दुसरं काय, झीमन इफेक्टच की. अणूच्या दृष्टीने सर्क्युलर पोलराइज्ड प्रकाश म्हणजे त्या किरणाच्या दिशेने लावलेलं एक छोटं चुंबकीय क्षेत्र. उजवं सर्क्युलर लावलं तर क्षेत्र पुढे, डावं लावलं तर मागे, लिनियर लावलं तर शून्य. कॉइल नाही, करंट नाही, टेस्लामीटर ठेवला तर त्याला काही दिसणार नाही, पण अणूला दिसतं. संशोधक याला सरळ खोटं चुंबकीय क्षेत्रच म्हणतात आणि मीही पुढे तेच म्हणतो.

पायरी १: कागदावर आकडा काढा, लेझर नंतर चालू करा

आमच्या पोरांना मी लेझरला हातच लावू देत नाही जोवर अपेक्षित शिफ्ट किती हर्ट्झ येणार हे वहीत लिहिलेलं नसतं. आकडा नसला की प्रयोगात जे काही दिसेल ते खरं वाटायला लागतं.

रुबिडियम-८७ घ्या. डी१ रेषा ७९५ नॅनोमीटर, डी२ रेषा ७८० नॅनोमीटर, नैसर्गिक रुंदी ६ मेगाहर्ट्झच्या आसपास, ग्राउंडचं हायपरफाइन अंतर ६.८३ गिगाहर्ट्झ. एफ २ पातळीचा जी-फॅक्टर अर्धा, म्हणजे एका नॅनोटेस्लाला ७ हर्ट्झ. आता शिफ्टचं सूत्र असं:

शिफ्ट = स्थिरांक × तीव्रता × कंस

कंस = (२ + प × ग × म) ÷ डी२पासूनचं डिट्यूनिंग + (१ − प × ग × म) ÷ डी१पासूनचं डिट्यूनिंग

यात प म्हणजे पोलरायझेशन, लिनियरला शून्य, एका सर्क्युलरला प्लस एक, दुसऱ्याला मायनस एक. ग म्हणजे जी-फॅक्टर आणि म म्हणजे एम. स्थिरांक म्हणजे पाय × प्रकाशवेगाचा वर्ग × रेषेची रुंदी ÷ (२ × ओमेगाचा घन), ओमेगा म्हणजे ट्रान्झिशनची कोनीय फ्रिक्वेन्सी, तो साधारण ३.८५ गुणिले दहाचा उणे बाविसावा घात इतका येतो, एसआय एककांत, आणि उत्तर ज्यूलमध्ये. डिट्यूनिंग रेडियन प्रति सेकंदात घालायचं, दोन पाय विसरलात तर उत्तर सहापट चुकतं आणि ही चूक जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी करतंच.

सूत्र बरोबर वापरताय का ते तपासायची एक सोपी खूण आहे. एफ २, एम प्लस २, सिग्मा प्लस प्रकाश (प प्लस एकवालं सर्क्युलर), फक्त डी१ रेषा. ग गुणिले म इथे एक येतो, म्हणजे दुसऱ्या पदातला अंश १ वजा १, शून्य. बरोबरच आहे, कारण त्या पातळीतून सिग्मा प्लसने वर जायला डी१मध्ये जागाच नाही, ती डार्क स्टेट आहे, प्रकाश तिला धरू शकत नाही तर सरकवणार कुठून. असं जिथे उत्तर आधीच माहिती आहे तिथे सूत्र घालून बघायची सवय लावा.

आता आकडा. लेझर डी१च्या एफ २ रेषेपासून १० गिगाहर्ट्झ लाल बाजूला, तीव्रता १ मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर, पूर्ण सर्क्युलर. डी२ तिथून ७ टेराहर्ट्झ लांब आहे म्हणून सोडून द्या. स्केलर शिफ्ट येते साधारण ९२ हर्ट्झ आणि शेजारशेजारच्या दोन एममधलं अंतर बदलतं साधारण ४६ हर्ट्झने. सातने भागा, खोटं चुंबकीय क्षेत्र ६.६ नॅनोटेस्ला. रुबिडियम-८५च्या एफ ३साठी ग एकतृतीयांश आहे म्हणून तितक्याच डिट्यूनिंगला हर्ट्झमध्ये शिफ्ट कमी येते, ३१च्या आसपास, पण त्याचा नॅनोटेस्लाचा हिशोबही ४.६७ हर्ट्झने करायचा असतो, म्हणून क्षेत्र परत ६.६ नॅनोटेस्लाच. प्रकाश इलेक्ट्रॉनच्या स्पिनला धरतो, आयसोटोप कुठला याच्याशी त्याला देणंघेणं नाही, हे आकड्यातूनच दिसतं.

६.६ नॅनोटेस्ला जास्त की कमी? आपल्या सोलापुरात पृथ्वीचं क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लाच्या वर आहे, त्याच्यापुढे काहीच नाही. पण चांगला अणू-मॅग्नेटोमीटर पिकोटेस्ला मोजतो, त्याच्यापुढे हे हजारो पट मोठं आहे. मुंबईत ट्राम विजेवर चालणार असं ठरलं तेव्हा कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४मध्ये अलिबागला हलवली होती, कारण ट्रामचा करंट मापनात घुसला असता. इथे ट्राम आपल्या सेलच्या आतूनच जातेय असं समजा, ती हलवता येत नाही, तिचा हिशोबच ठेवावा लागतो.

अजून एक, डिट्यूनिंग दुप्पट केलं की शिफ्ट अर्धी होते पण फोटॉन विखुरणं पावपट होतं. वरच्या उदाहरणात मोकळा अणू सेकंदाला धड अर्धा फोटॉनही विखुरत नाही आणि तरी त्याची पातळी ४६ हर्ट्झने सरकलेली असते. म्हणून "लेझर लांब डिट्यून केलाय, शोषण दिसतच नाही, मग काय होणार" हे म्हणणं चुकीचं आहे. शोषण दिसत नाही तेव्हाच ही शिफ्ट सगळ्यात चोरट्यासारखी बसलेली असते.

पायरी २: मांडणी आणि दिशा

खोटं क्षेत्र किरणाच्या दिशेनेच असतं, आणि ते खऱ्या क्षेत्रात व्हेक्टरसारखं मिळतं. किरण खऱ्या क्षेत्राला समांतर असेल तर पूर्ण ६.६ नॅनोटेस्ला मिळतील. काटकोनात असेल तर फक्त दुसऱ्या ऑर्डरचं, म्हणजे खोट्या क्षेत्राचा वर्ग भागिले खऱ्याची दुप्पट. खरं क्षेत्र १० मायक्रोटेस्ला ठेवलं तर ते २ पिकोटेस्लाच्या आसपास येतं. पण काटकोनात १ अंशाची चूक झाली तर लगेच ६.६चे पावणेदोन टक्के, म्हणजे ०.११ नॅनोटेस्ला परत घुसतात. तर तुम्हाला शिफ्ट मोजायची असेल तर समांतर ठेवा आणि टाळायची असेल तर काटकोनात, आणि काटकोन नजरेने नाही, कॉइलच्या करंटने बारीक जुळवा.

आम्ही सेल म्यू-मेटलच्या (बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या धातूच्या) शील्डमध्ये ठेवतो, आत कॉइलने काही मायक्रोटेस्लाचं क्षेत्र देतो. शील्ड नसेल तर पहाटेच्या वेळी मोजा. लूम बंद असतात तेव्हा आमच्याकडे ५० हर्ट्झचा गोंगाट स्पष्ट कमी होतो, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीत तर फार सुंदर डेटा मिळतो.

लेझरबद्दल एकच सूचना पण ती पाळाच: ७९५ नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जेमतेम मंद लाल दिसतो, म्हणून पोरांना तो अशक्त वाटतो, पण पॉवर पूर्ण असते आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा कायमची होते. गॉगल घालूनच, घड्याळ-अंगठी काढून, किरण टेबलाच्या उंचीवर आडवा ठेवून काम करा. किरण शोधायला आयआर कार्ड वापरा.

डिट्यूनिंग मोजायला वेव्हमीटर नसला तरी चालतं. लेझरचा करंट हळू फिरवत सेलमधून आरपार गेलेला प्रकाश बघा, रुबिडियमच्या दऱ्या दिसतील. लाल टोकाला ८७ची एफ २ आणि निळ्या टोकाला ८७ची एफ १, वरच्या एकाच पातळीला जाणाऱ्या दोन दऱ्या घेतल्या तर यांच्यातलं अंतर ६.८ गिगाहर्ट्झ, हीच तुमची फूटपट्टी. तिच्यावरून मिलिअँपला किती गिगाहर्ट्झ ते काढा आणि पुढे मोजत जा.

पायरी ३: पोलरायझेशन, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पोलरायझर, त्याच्यानंतर क्वार्टर वेव्ह प्लेट (लिनियरचं सर्क्युलर करणारी), आणि त्याच्यानंतर सेल. प्लेट आणि सेलच्या मध्ये आरसा ठेवू नका. ४५ अंशात वळवणारा आरसा दोन पोलरायझेशनमध्ये फेज घालतो आणि तुमचं सुंदर सर्क्युलर लंबगोल करून टाकतो. आरसे सगळे पोलरायझरच्या आधी उरकून घ्या.

आता एक गोष्ट जी समजली की अर्धं काम झालं. प्लेट पोलरायझरच्या अक्षापासून किती कोनात आहे त्याच्या दुपटीचा साइन म्हणजे सर्क्युलरपणा. ४५ अंशाला तो एक, आणि तिथे १ अंश चुकलात तर ०.९९९४, म्हणजे काही फरकच नाही. पण शून्य अंशाजवळ, जिथे तुम्हाला लिनियर पाहिजे, तिथे १ अंश चुकलात तर सर्क्युलरपणा ३.५ टक्के. म्हणजे सर्क्युलर बनवणं सोपं आणि क्षमाशील, लिनियर बनवणं अवघड. सगळ्यांची समजूत बरोबर उलटी असते, वाटतं लिनियर काय, पोलरायझर लावला की झालं.

आणि पोलरायझर कसा तपासतात? पुढे दुसरा पोलरायझर आडवा लावून किती प्रकाश गळतोय ते बघतात. १०,०००ला १ मिळालं की खूश. थांबा, गळती ही तीव्रता आहे आणि तीव्रता म्हणजे अॅम्प्लिट्यूडचा वर्ग. दहा हजारात एक तीव्रता म्हणजे शंभरात एक अॅम्प्लिट्यूड, आणि सर्क्युलरपणा त्याच्या दुप्पट, म्हणजे २ टक्के. १००० ला १ असेल तर ६ टक्क्यांच्या वर. व्हेक्टर शिफ्ट सर्क्युलरपणाच्या सरळ प्रमाणात असते, वर्गाच्या नाही, म्हणून १०,०००ला १ असं चकचकीत एक्स्टिंक्शन (गळती इतकी कमी) असूनही ६.६ पैकी ०.१३ नॅनोटेस्ला शिल्लक राहू शकतात. ०.२ टक्क्यावर यायचं तर दहा लाखाला एक लागतं, आणि तेही अणूपाशी, टेबलाच्या कडेला नाही.

प्लेट कुठली घेताय तेही बघा. मल्टी-ऑर्डर प्लेट स्वस्त असते पण तापमानाबरोबर तिचं रिटार्डन्स, म्हणजे दोन पोलरायझेशनमध्ये ती घालते तो फेजचा फरक, बरंच हलतं आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात एसी बंद-चालू होत असताना ती दिवसभर हलत राहते. झिरो-ऑर्डर थोडी महाग, पण तीच घ्या, इथे पैसे वाचवू नका.

आमचे ४ हर्ट्झ कुठून आले

आता सुरुवातीची गोष्ट पूर्ण करतो, कारण तपासायची पद्धत त्यातच आहे. आमचा किरण लिनियर होता, निदान सेलच्या बाहेर तरी. तीव्रता २.५ मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर, डिट्यूनिंग १० गिगाहर्ट्झ, म्हणजे पूर्ण सर्क्युलर असता तर शिफ्ट ११५ हर्ट्झच्या आसपास आली असती. आम्हाला दुपारपर्यंत ४ हर्ट्झचा सरक दिसत होता.

आधी लेझरची पॉवर अर्धी केली. सरक अर्धा झाला. तिथेच लूम आणि ट्रान्सफॉर्मर सुटले, कारण त्यांना आमच्या लेझरची पॉवर माहिती असायचं कारण नाही. मग कॉइलचा करंट उलटा केला, म्हणजे खरं क्षेत्र उलट्या दिशेला. आधी फ्रिक्वेन्सी ४ हर्ट्झ वर जात होती, आता ४ हर्ट्झ खाली जायला लागली. म्हणजे काहीतरी किरणाच्या दिशेला चिकटलेलं क्षेत्र आहे, जे कॉइलबरोबर उलटत नाही, आणि पॉवरच्या प्रमाणात आहे. व्हेक्टर लाइट शिफ्ट, दुसरं काही नाही. ११५ पैकी ४ म्हणजे साडेतीन टक्के सर्क्युलरपणा, म्हणजे वाटेत कुठेतरी २ अंशाचं रिटार्डन्स.

कुठे? आमच्यातल्या एका पोराच्या घरी अशोक चौकाकडे चादरीचे लूम आहेत. त्याने सेलच्या क्लॅम्पकडे बघितलं आणि म्हणाला, सर, लूमच्या बीमला (सूत गुंडाळलेल्या रुळाला) एका बाजूने ताण जास्त बसला की कापडात लगेच दिसतं, हे अॅल्युमिनियम काचेला एका बाजूनेच धरलंय. जुन्या बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची पोलरायझर फिल्म काढली, दोन तुकडे आडवे धरले, मध्ये सेल, मागून मोबाइलचा टॉर्च. मधली काच काळी आणि क्लॅम्पच्या कडेने एक पांढरट चंद्रकोर, बोटाच्या नखाएवढी, किरण बरोबर तिच्या टोकावरून जात होता. हेअर ड्रायरने क्लॅम्प थोडा गरम केला आणि आमच्या डोळ्यासमोर ती चंद्रकोर मोठी झाली. काच ताणली की ती स्वतःच वेव्ह प्लेट होते, आणि दुपारी अॅल्युमिनियम फुगून ताण वाढवत होतं.

क्लॅम्प काढला, मऊ टेफ्लॉनच्या पट्ट्यांवर सेल नुसती बसवली, किरण खिडकीच्या मधोमध आणला. दुसऱ्या दिवशी दुपारी सरक अर्ध्या हर्ट्झच्या आत होता. दोन पोलरायझर फिल्म आणि मोबाइलचा टॉर्च, एवढी चाचणी प्रत्येक सेलला, प्रत्येक लेन्सला, व्हॅक्यूमच्या प्रत्येक खिडकीला करा, आणि स्क्रू आवळण्याआधी व आवळल्यानंतर दोन्ही वेळा करा.

पायरी ४: प्रत्यक्ष मापन

किरण समांतर, प्लेट प्लस ४५वर. रेझोनन्सचं केंद्र काढा. प्लेट मायनस ४५वर, परत केंद्र. दोन्हीच्या फरकाचा अर्धा म्हणजे व्हेक्टर शिफ्ट, सरासरी म्हणजे खरं क्षेत्र. पण प्लस, मायनस, प्लस, मायनस असं घेत बसू नका. प्लस, मायनस, मायनस, प्लस असा क्रम घ्या, म्हणजे क्षेत्र एका दिशेने हळू सरकत असेल तर तो सरक आपोआप कटतो. असे दहा-बारा चौकडे घ्या, मग कॉइल उलटी करून परत तितकेच. हॅन्डेडनेस (उजवं की डावं सर्क्युलर) उलटली की चिन्ह बदललं पाहिजे, क्षेत्र उलटलं की चिन्ह बदललं पाहिजे, दोन्ही उलटले की जुनंच चिन्ह. या चार खान्यांचा तक्ता जुळला नाही तर पुढे जाऊ नका.

प्लेट फिरवली की किरण किंचित वाकतो, आणि सेलवरची तीव्रता बदलते, म्हणून प्लेटनंतरची पॉवर प्रत्येक वेळी नोंदवा. त्यासाठी काचेची पट्टी ४५ अंशात लावून थोडा प्रकाश वेगळा काढतात तेव्हा लक्षात ठेवा की ती काच दोन लिनियर पोलरायझेशनला वेगवेगळं परावर्तन देते, म्हणजे मॉनिटर स्वतःच पोलरायझेशनला फसतो आणि पुढे जाणाऱ्या किरणाचं पोलरायझेशनही बिघडवतो. पट्टी जवळजवळ सरळ लावा, किरण पाच-सात अंशातच परत येईल असा.

तीव्रता काढताना गॉसियन किरणाच्या मधली तीव्रता म्हणजे दोन पॉवर भागिले पाय त्रिज्येचा वर्ग. त्यातला दोन विसरला की थिअरी आणि प्रयोगात बरोबर दुपटीचा फरक येतो. १ मिलिवॅट आणि ५ मिलिमीटर त्रिज्या असेल तर मधोमध अडीच मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर, सव्वा नाही. सेलमध्ये बफर गॅस (अणूंची धावपळ अडवायला भरलेला दुसरा वायू) असेल तर अणू जागच्या जागी राहतात आणि मधल्यांना जास्त, कडेच्यांना कमी शिफ्ट मिळते, त्यामुळे रेझोनन्सची रेषा नुसती सरकत नाही, एका बाजूला झुकते पण. म्हणून किरण मोठा करून मधला सपाट भागच वापरा.

मग पॉवरचा ग्राफ काढा, पाच-सहा पॉवर, शिफ्ट विरुद्ध तीव्रता. सरळ रेषा आली पाहिजे आणि शून्यातून गेली पाहिजे. वाकली तर प्रकाश अणूंना पंप पण करतोय, म्हणजे कुठल्या पातळीत किती अणू हे बदलतोय, डिट्यूनिंग वाढवा. त्यानंतर डिट्यूनिंगचा ग्राफ, लाल बाजूपासून निळ्या बाजूपर्यंत. लांबवर एक भागिले डिट्यूनिंगसारखा, रेषेच्या दोन बाजूंना विरुद्ध चिन्ह, रेषेच्या मध्याजवळ शून्यातून जातो. हा ग्राफ पहिल्यांदा आपल्या हाताने काढताना जे वाटतं ते वेगळंच असतं, आमच्या एका पोरीने तो घरी जाऊन भिंतीवर लावलाय.

पायरी ५: घालवायची कशी

सगळ्यात भरवशाचा मार्ग मी आधी सांगतो. पोलरायझेशन मोजायला पोलारिमीटर सेलच्या पलीकडे ठेवू नका, कारण तिथे पोचेपर्यंत किरण दुसऱ्या खिडकीतूनही गेलेला असतो आणि तिचा ताण अणूने बघितलेलाच नाही. अणूलाच विचारा. किरण समांतर ठेवा, सेलच्या आधी एक हाफ वेव्ह आणि एक क्वार्टर वेव्ह प्लेट ठेवा, लेझरची पॉवर जास्त-कमी-जास्त-कमी करत रहा आणि रेझोनन्स पॉवरबरोबर हलायचा थांबेपर्यंत दोन्ही प्लेटा थोड्या थोड्या फिरवा. तो थांबला की अणूपाशी प्रकाश लिनियर आहे, बाहेर तो थोडा लंबगोल असेल, असू दे. पहिल्या खिडकीच्या ताणाला तुम्ही बरोबर उलटा ताण दिलाय. तापमान बदललं की परत करा.

दुसरे उपाय प्रयोगाप्रमाणे. मोजताना लेझर बंदच ठेवायचा, म्हणजे आधी पंप करायचं, मग अंधारात अणूंना फिरू द्यायचं आणि शेवटी बघायचं. किंवा एम शून्यच्या दोन पातळ्या वापरायच्या, त्यांना व्हेक्टर शिफ्ट पहिल्या ऑर्डरमध्ये लागतच नाही, अणुघड्याळात बरंचसं हेच करतात, मात्र तिथे स्केलर शिफ्ट उरते कारण दोन हायपरफाइन पातळ्यांचं डिट्यूनिंग ६.८३ गिगाहर्ट्झने वेगळं असतं. आपल्या नाविक या दिशादर्शन मालिकेतला एनव्हीएस-०१ उपग्रह २९ मे २०२३ला गेला, त्याच्यात देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे, आणि रुबिडियम घड्याळ कुणीही बनवो, लाइट शिफ्टचा हिशोब त्याला चुकत नाही.

स्ट्रॉन्शियमच्या ऑप्टिकल लॅटिस घड्याळात अणू ८१३.४ नॅनोमीटरच्या प्रकाशातच अडकवलेले असतात, ती मॅजिक वेव्हलेंग्थ आहे, घड्याळाच्या दोन्ही पातळ्या तिथे सारख्याच सरकतात म्हणून फरक शून्य. पण ही जादू मुख्यतः स्केलर भागाची. स्ट्रॉन्शियम-८७ला नऊ-द्वितीयांश न्यूक्लिअर स्पिन आहे म्हणून व्हेक्टर भाग उरतो, तो घालवायला लॅटिस लिनियर ठेवतात आणि प्लस नऊ-द्वितीयांश, मायनस नऊ-द्वितीयांश अशा दोन्ही टोकांच्या पातळ्या आळीपाळीने मोजून सरासरी घेतात. प्लस मायनसची सरासरी, आपण प्लेट फिरवून जे केलं तेच, फक्त त्यांनी अणू फिरवला.

रुबिडियममध्ये उलट टोक पण आहे. डी१ आणि डी२च्या मध्ये ७९०.०३ नॅनोमीटरला स्केलर शिफ्ट शून्य होते, दोन रेषा एकमेकींना खोडतात, पण व्हेक्टर भाग तिथे खोडला जात नाही, उलट दोन्हींचा मिळून वाढतो. त्या वेव्हलेंग्थला प्रकाश फक्त चुंबकासारखा वागतो. कुणाला शुद्ध खोटं चुंबकीय क्षेत्र पाहिजे असेल तर ती जागा.

आणि ट्रॅपवाल्यांसाठी, म्हणजे लेझरच्या किरणात अणू धरून ठेवणारे जे "आमचा ट्रॅप तर १०६४ नॅनोमीटरचा, इतक्या लांब व्हेक्टर कुठून येणार" असं म्हणतात त्यांच्यासाठी. रुबिडियमला १०६४ला पूर्ण सर्क्युलर दिलं तर टोकाच्या पातळीसाठी व्हेक्टर भाग स्केलरच्या २ टक्क्यांच्या आसपास येतो. ट्रॅप १ मिलिकेल्विन खोल असेल तर खोली २१ मेगाहर्ट्झ, त्यातून शेजारच्या दोन एममध्ये २०० किलोहर्ट्झ, म्हणजे ३० मायक्रोटेस्ला, सोलापुरातल्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. प्रकाश एक टक्काच सर्क्युलर असला तरी २ किलोहर्ट्झ. शिवाय किरण फार बारीक फोकस केला की फोकसपाशी प्रकाश लिनियर दिला तरी पोलरायझेशनचा एक भाग किरणाच्या दिशेने उभा राहतो आणि मधल्या रेषेच्या दोन बाजूंना खोटं क्षेत्र उलटसुलट तयार होतं, ते प्लेट फिरवून जात नाही, तिथे खरं क्षेत्र मोठं ठेवून आणि त्याची दिशा नीट निवडूनच ते दाबावं लागतं.

न्यूट्रॉनचा इलेक्ट्रिक डायपोल मोमेंट शोधणारे लोक, स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधले, पाऱ्याचे आणि सीझियमचे अणू मॅग्नेटोमीटर म्हणून वापरतात. तिथे विद्युत क्षेत्र उलटवून फ्रिक्वेन्सीतला बदल बघायचा असतो. समजा त्या उलटण्याबरोबर लेझरची पॉवर किंवा पोलरायझेशन कणभर जरी हललं, तर खोटं चुंबकीय क्षेत्र थेट नव्या फिजिक्ससारखं दिसेल. म्हणून अशा ठिकाणी पोलरायझेशनच्या नोंदी मुख्य डेटाइतक्याच काटेकोर ठेवाव्या लागतात.

आमच्या लॅबमध्ये आता सेलच्या शेजारी एक पक्की वही आहे. तिच्यात रोज सकाळी पहिलं काम म्हणून चार आकडे लिहायचे: खोलीचं तापमान, सेलचं तापमान, पूर्ण पॉवरला फ्रिक्वेन्सी, अर्ध्या पॉवरला फ्रिक्वेन्सी. शेवटच्या दोनांत फरक दिसला की त्या दिवशी आधी प्लेटा जुळवायच्या, मग बाकीचं. परवा एक पोरगा प्लेटा जुळवताना दीड तास बसला, बाहेर कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा तसाच, आणि शेवटी पॉवर दुप्पट केली तरी काटा जागचा हलला नाही तेव्हा त्याने वहीत तारीख घालून ०.० हर्ट्झ लिहिलं आणि मगच जेवायला गेला.